होस्ट्स फाइलने जाहिराती कशा थांबतात: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बर्डीवरच्या आमच्या दुकानात ‘नेट फार हळू चालतं’ म्हणून जे कॉम्प्युटर येतात, त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये बिघाड नसतोच. रॅम कमी असते आणि उघडलेल्या प्रत्येक पानावर चारही बाजूंनी जाहिराती येत असतात. आम्हाला त्याहून जास्त काळजी वाटते खोट्या बटनांची. एखादा फॉन्ट किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला गेलं की पानावर तीन-चार मोठी ‘डाउनलोड’ बटनं दिसतात. खरं त्यातलं एकच, बाकीच्या जाहिराती. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं ओरडणारं पानही पुष्कळदा जाहिरातीतूनच उघडतं. म्हणून सर्व्हिसिंग करताना आम्ही तुम्हाला विचारून होस्ट्स फाइलमध्ये जाहिरातवाल्या सर्व्हरची नावं घालून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण आपल्या मशीनमध्ये काय बदललं, हे मालकाला ठाऊक असायलाच हवं.

ही फाइल काय करते

तुम्ही साइटचं नाव टाइप करता, पण कॉम्प्युटरला लागतो तिचा आकडी पत्ता. तो पत्ता इंटरनेटवरच्या डीएनएस सर्व्हरला विचारण्याआधी मशीन स्वतःची होस्ट्स फाइल बघतं. आधी घरची डायरी, तिथे नंबर नसेल तर मग चौकशी, तसंच हे. डीएनएस येण्याआधी अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या रूपावर, अशा एकाच यादीवर सगळा कारभार चालायचा. ती यादी कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. जुनी फाइल मात्र विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे टिकून आहे आणि आजही आधी तिलाच विचारलं जातं.

याचाच आपण उपयोग करतो. जाहिरातीच्या सर्व्हरच्या नावापुढे खरा पत्ता न देता ०.०.०.० लिहायचं. या पत्त्यावर कुणीच नसतं, त्यामुळे जाहिरात मागवलीच जात नाही आणि तेवढा डेटाही वाचतो. काही याद्यांत १२७.०.०.१ असतं, म्हणजे आपलंच मशीन. तेही चालतं, पण ऑफिसच्या मशीनवर एखादं सॉफ्टवेअर स्वतःचा सर्व्हर चालवत असेल तर उगाच त्याच्या दारावर थाप पडते. आम्ही पहिलाच आकडा वापरतो.

स्वतः करायचं असेल तर

विंडोजमध्ये ही फाइल सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात, सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी इथे असते. आधी तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा. ही पायरी गाळू नका. मग नोटपॅडवर उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा, नाहीतर फाइल सेव्ह होणार नाही. उघडताना ‘ऑल फाइल्स’ निवडलं तरच ती दिसते. एका ओळीत एक नाव: आधी आकडा, मग मोकळी जागा, मग सर्व्हरचं नाव. अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डनेच टाइप करा. सेव्ह करताना नावामागे डॉट टीएक्सटी लागलं, तर विंडोज त्या फाइलकडे बघतही नाही. बहुतेकांचं इथेच अडतं. शेवटी मशीन रीस्टार्ट करा.

हजारो नावं हाताने लिहिणं शक्य नाही. स्टीव्हन ब्लॅक यांची गिटहब या प्रोग्रॅमर लोकांच्या साइटवरची तयार यादी वर्षानुवर्षं अद्ययावत होत आली आहे. आम्ही तिच्यापासूनच सुरुवात करतो.

कुठे उपयोग होत नाही

यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात दोन्ही त्यांच्याच सर्व्हरवरून येतात. नाव अडवलं तर व्हिडिओही बंद होईल. फेसबुकचंही तसंच. होस्ट्स फाइलला फक्त सर्व्हरचं पूर्ण नाव कळतं, पानाचा एखादा भाग कळत नाही. मोबाइलवर रूट केल्याशिवाय, म्हणजे फोनच्या सिस्टमचं कुलूप काढल्याशिवाय, ही फाइल बदलता येत नाही. अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे, तिथे जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सर्व्हरचं नाव घालता येतं, तो मार्ग बरा. ब्राउझरमध्ये अ‍ॅडब्लॉकर असेल तर तो राहू द्या, दोन्ही एकत्र नीट चालतात.

फाइल बदलल्यावर गूगलच्या निकालात सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेली लिंक बहुतेक वेळा उघडणार नाही. नेट गेलेलं नसतं. ती लिंक जाहिरातीच्या सर्व्हरमार्गे जाते म्हणून अडते. खाली त्याच कंपनीची साधी लिंक असते, ती वापरा. काही वर्तमानपत्रांच्या साइट ‘ब्लॉकर बंद करा’ म्हणतील. त्यांचा खर्च बराचसा जाहिरातींवर भागतो, त्यामुळे रोज वाचता तो पेपर वर्गणी भरून वाचावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

हे मात्र नीट वाचा

जी फाइल जाहिरात अडवते, तीच चोरालाही कामी येते. तुमच्या बँकेच्या नावापुढे त्याने स्वतःच्या सर्व्हरचा आकडा लिहिला, तर तुम्ही नाव बरोबर टाइप करूनही त्याच्या दारात पोहोचता. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा कुठल्याही साइटवरची तयार होस्ट्स फाइल डोळे झाकून टाकू नका. जाहिरातींच्या यादीत प्रत्येक नावापुढे ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ हवं. सुरुवातीला मशीनच्या स्वतःच्या नावाच्या दोन-चार ओळी असतात, त्या ठीक. बँक, ईमेल किंवा सरकारी साइटचं नाव आणि पुढे वेगळाच आकडा दिसला, तर त्या मशीनवरून व्यवहार थांबवा आणि ते आमच्याकडे आणा. पैसे गेले असतील तर आमच्याकडे येण्याआधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, तिथे वेळ फार मोलाचा असतो. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसने होस्ट्स फाइलबद्दल इशारा दिला तरी आधी फाइल उघडून बघा. मायक्रोसॉफ्टची स्वतःची नावं अडवली असली तरी तो इशारा देतो.

नको वाटलं तर जुनी प्रत परत जागेवर ठेवा, सगळं पूर्ववत होतं. आम्ही काम केलेल्या मशीनमध्ये ती प्रत डॉक्युमेंट्स फोल्डरात तारखेसह ठेवलेली असते. एखादी कामाची साइट उघडेनाशी झाली तर तिचं नाव लिहून आणा. तेवढी ओळ समोर बसून काढून देऊ.