वेगाने वाढणारं क्षेत्र म्हणजे हमखास नोकरी?

‘येत्या दहा वर्षांत सर्वात वेगाने वाढणारी क्षेत्रं! मुलांना यातच घाला, नोकरी पक्की’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यातले आकडे खरे असले, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. घोळ होतो तो टक्केवारी वाचताना.

समजा, एका नव्या व्यवसायात आज 10,000 माणसं आहेत आणि दहा वर्षांत 40 टक्के वाढ होणार आहे. नव्या जागा झाल्या 4,000. दुसऱ्या, जुन्या व्यवसायात 10 लाख माणसं आहेत आणि वाढ जेमतेम 3 टक्के. तरी नव्या जागा 30,000! यादीत मात्र पहिला झळकतो, दुसऱ्याचं नावही नसतं.

शिवाय ही फक्त वाढ झाली. माणसं निवृत्त होतात, काम बदलतात. त्या रिकाम्या जागाही भराव्या लागतात. शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस यांसारख्या मोठ्या व्यवसायांत अशा जागा वाढीतून येणाऱ्या जागांहून कितीतरी जास्त असू शकतात.

पडताळायचं असेल तर टक्क्यांमागची मूळ संख्या शोधा. ती दिलीच नसेल, तर माहिती अर्धवट समजा. मग त्या पदाच्या जाहिराती दोन-तीन महिने बघा: नवख्यांसाठी किती, अनुभवाची अट किती ठिकाणी? (मेसेजमध्ये ही अट सहसा नसते.) आणि त्या अभ्यासक्रमातून दरवर्षी किती जण बाहेर पडतात, हेही विचारा. दहा वर्षांतल्या 4,000 जागांसाठी दरवर्षी 5,000 जण तयार होत असतील, तर वाढीचा वेग कितीही असो, बहुतेकांना दुसरं काम शोधावं लागेल.