प्रॉव्हिडन्समधील हरिकेन-पूर

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या राजधानीत, प्रॉव्हिडन्सच्या मध्यवर्ती व्यापारी पेठेत, चक्रीवादळांमुळे आलेले पूर. यांतले १८१५, १९३८ आणि १९५४ चे पूर मोठे. पेठ बुडाली ती पावसाने नव्हे, समुद्राने. नॅरागॅन्सेट उपसागराचे तोंड दक्षिणेला अटलांटिककडे आहे. उत्तरेकडे तो निमुळता होत जातो आणि त्याच्या टोकाशी हे शहर आहे. वादळाचा डोळा शहराच्या पश्चिमेकडून सरकला, की दक्षिणेचा वारा या नरसाळ्यात पाणी रेटतो. शिवाय पेठेचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात खाडीत भराव घालून तयार झालेला, म्हणजे पाणी आपल्याच जुन्या जागी परतत होते.

२३ सप्टेंबर १८१५ च्या वादळात बंदरातली जहाजे दोर तोडून रस्त्यांवर आली. त्यांतल्या एकाच्या पुढच्या टोकाची बाहेर आलेली डोलकाठी बाजारचौकातल्या विमा कंपनीच्या इमारतीत घुसली. जहाजाचे नाव ‘गँजिस’, म्हणजे आपली गंगाच. प्रॉव्हिडन्सचे व्यापारी तेव्हा पूर्वेकडच्या देशांशी व्यापार करत.

२१ सप्टेंबर १९३८ चे वादळ ताशी सुमारे ८० किमी वेगाने उत्तरेकडे धावत आले. इशारा असा मिळालाच नाही, त्यात भरतीची वेळ. कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास पाणी रस्त्यांवर चढू लागले आणि नेहमीच्या भरतीरेषेच्या वर ४ मीटरहून अधिक गेले. बुडालेल्या मोटारींचे दिवे पाण्याखाली जळत होते, भोंगे आपोआप वाजत होते. बाजारचौकातल्या जुन्या ‘मार्केट हाउस’वर १८१५ आणि १९३८ च्या पातळ्यांच्या खुणा आहेत, १९३८ ची वरची.

३१ ऑगस्ट १९५४ ला ‘कॅरल’ चक्रीवादळाने काही रस्त्यांवर साडेतीन मीटरपर्यंत पाणी आणले. सोळा वर्षांत दुसऱ्यांदा पेठ बुडाल्यावर मात्र बांधाचा विषय टाळता येईना.

१९६० ते १९६६ दरम्यान पेठेच्या दक्षिणेला, फॉक्स पॉइंट येथे लष्कराच्या अभियंता दलाने सुमारे ९०० मीटर लांबीचा आणि साडेसात मीटर उंचीचा बांध घातला. त्यात प्रॉव्हिडन्स नदीवर तीन दरवाजे आहेत. खरी मेख पंपांची आहे : दरवाजे लावले की समुद्र बाहेर थांबतो, पण वूनास्क्वाटकेट आणि मोशासक या नद्यांचे पाणी आत अडते आणि शहर आतूनच बुडू शकते. म्हणून पाच प्रचंड पंप ते पाणी उपसून बांधापलीकडे टाकतात. १९९१ च्या ‘बॉब’ आणि २०१२ च्या ‘सँडी’ वादळांत दरवाजे लावले गेले. पेठ कोरडी राहिली.