चर बुजवण्याआधी येऊन बघा
नळपाणी, गटार आणि सेप्टिक टँकच्या कामांविषयी आमच्या ग्राहकांसाठी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या वाड्यांत आम्ही ही कामं करतो. काही ग्रामपंचायतीची, काही घरगुती. रस्ता खणायला घेतला की लोक विचारतात, काम कोणाचं आणि बिघडलं तर धरायचं कोणाला?

ग्रामपंचायतीचं काम तोंडी शब्दावर होत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, करारनामा, मग कार्यारंभ आदेश. यातलं अंदाजपत्रक तुम्ही वाचायलाच हवं. पाइप कसला, किती व्यासाचा, किती खोल जायचा, हे त्यात बाबवार असतं. खोदाईचा दर मातीला वेगळा, मुरुमाला वेगळा, कातळाला वेगळा. आपल्याकडे गोम इथेच आहे. सड्यावर हातभर खाली जांभा लागतो. मग ब्रेकर आणावा लागतो, दिवस मोडतात, आणि पाइप वरच्यावर टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. असा पाइप पावसात उघडा पडतो, नाहीतर चिऱ्यांच्या ट्रकखाली फुटतो. ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तकातल्या नोंदींवर निघतं, आणि खोलीचं खरं माप चर उघडा असतानाच घेता येतं. तेव्हा या, टेप लावा, पाण्याच्या दाबाची चाचणी समोर करून घ्या. आमच्या कामावर तर जरूर या.

अंदाजपत्रक मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. तो वापरा.

करारात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत सदोष कामामुळे गळती झाली तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची. तक्रार ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या.

आता सांडपाणी. गावांत बहुतेक घरांचा भार सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर आहे. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर लांब हवा. जांभा मात्र चाळणीसारखा असतो, त्याच्या भेगांतून मैलापाणी दूरवर जातं. म्हणून आम्ही जागा मिळेल तेवढं अंतर वाढवतो आणि खड्डा विहिरीच्या उताराकडच्या बाजूला घेतो. शेजाऱ्याची विहीरही मोजतो. टाकीचं पाणी पऱ्यात सोडून द्या असं सांगितलं तर ते काम आम्ही घेत नाही; खाली त्याच पाण्यावर कोणाची तरी विहीर असते.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी. उपशासाठी आम्ही टाकीत माणूस उतरवत नाही, कितीही घाई असली तरी. सुरक्षा साधनांशिवाय असं काम करवून घेणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत जातो. उपसा टँकरनेच होईल. पाखाडीवरच्या घरांना लांब नळी लागते, तेव्हा पावसाआधी कळवा; वाट आम्ही आधी येऊन बघून जाऊ.