देवाच्या दारातली गर्दी आणि अर्थशास्त्र: थोडी पार्श्वभूमी

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी जवळून बघावी. उंच काठी एक गडी पेलतो, चारी बाजूंनी दोर धरून बाकीचे तोल सांभाळतात, अंगावर गुलाल-खोबरं पडत असतं आणि 'चांगभलं'चा गजर थांबत नाही. घामात भिजलेला गुलाल कानामागून मानेवर ओघळतो, पण दोर सोडून पुसायला कुणाचा हात मोकळा नसतो. तिकडे स्वीडनमध्ये निम्म्याहून जास्त लोक आजही कागदोपत्री चर्चचे सदस्य आहेत, पण रविवारी बाकं बहुतेक रिकामी असतात. माणसं तीच, मग एवढा फरक का? श्रद्धा कमी-जास्त असते, एवढ्यावर उत्तर भागत नाही.

या प्रश्नाला अर्थशास्त्राने हात घातला तो 1776 मध्ये. ॲडम स्मिथने आपल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये पुरोहितांच्या पोटापाण्याचा विचार केला. ज्याची चूल भक्तांच्या दानावर पेटते तो लोकांत मिसळतो, राबतो. ज्याला वतन किंवा ठरलेलं उत्पन्न आहे तो सुस्तावतो, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याचा मित्र डेव्हिड ह्यूमलाही हे दिसत होतं, पण त्याने सल्ला उलटा दिला: धर्माचा अतिउत्साह आवरायचा असेल, तर सरकारनेच पुरोहितांना पगार द्यावा.

कोल्हापूरकराला यातलं काही परकं वाटू नये. 1899 च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला. त्यामागे जातीचा अहंकार होता हे खरंच, पण वतन पिढीजात होतं, यजमान नाराज झाला तरी उत्पन्न चालूच राहणार होतं, हेही तितकंच खरं. महाराजांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं आणि राजोपाध्यांची इनामं जप्त केली. पुढे 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं पीठ स्थापून मराठा समाजाला आपला धर्मगुरू दिला. सत्यशोधक मंडळी तर आधीपासूनच भटाविना लग्नं लावत होती. मक्तेदारी मोडायची तर दुसरा पर्याय उभा करावा लागतो, हे महाराजांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. या लढ्याकडे केवळ मानापमानाचं भांडण म्हणून बघणं मला फार अपुरं वाटतं.

विसाव्या शतकात बराच काळ अभ्यासकांची खात्री होती की शिक्षण आणि कारखाने वाढले की धर्म आपोआप मागे सरेल. शिक्षण आणि कारखाने दोन्ही असूनही अमेरिकेत चर्च भरलेली राहिली आणि ही खात्री डळमळीत झाली. 1975 मध्ये अझी आणि एरेनबर्ग या अर्थतज्ज्ञांनी चर्चला जाण्याकडे वेळेचा हिशेब म्हणून पाहिलं. ज्याच्या तासाचं मोल जास्त, तो प्रार्थनेला कमी वेळ देणार. मग 1990 च्या सुमारास रॉडनी स्टार्क, रॉजर फिंक आणि लॉरेन्स इयानाकोन या अभ्यासकांनी स्मिथचा धागा पुन्हा उचलला. अमेरिकेत सरकारी चर्च नाही, पंथांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागते, म्हणून तिथे बाकं भरतात. स्वीडनमध्ये 2000 सालापर्यंत चर्च राज्याशी बांधलेलं होतं, म्हणून ती ओस पडली. मांडणी देखणी होती, पण पोलंड आणि आयर्लंड तिच्यात बसेनात. तिथे जवळजवळ एकाच चर्चचं राज्य, तरी गर्दी कित्येक दशकं टिकली. पुढे 2002 मध्ये स्पर्धेच्या बाजूने दिलेल्या आकडेमोडीतच मोठा सांख्यिकी दोष सापडला. आता तर अमेरिकेतही 2020 मध्ये धर्मसंस्थांचे सदस्य गॅलपच्या पाहणीत पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, 47 टक्क्यांवर आले.

ही स्पर्धेची भाषा आपल्याकडे तर आणखी तोकडी पडते. आपल्या देवळाला हजेरीपट नाही. एकच बाई शुक्रवारी अंबाबाईला ओटी भरते, रविवारी जोतिबाला नारळ फोडते, पौर्णिमेला नृसिंहवाडी गाठते आणि दर्ग्याच्या उरुसाला मलिदाही नेते. कुरुंदवाडला मशिदींत गणपती बसतात. इथे एक दुकान सोडून दुसऱ्यात जायचा प्रश्नच येत नाही.

मला जास्त पटतं ते दुसरं उत्तर. 2004 मध्ये पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट या अभ्यासकांनी मांडलं की जिथे आजारपण, म्हातारपण आणि बेकारी यांचा भार सरकार उचलतं, तिथे देवळाची गरज कमी भासते. इंडोनेशियात 1997-98 च्या आर्थिक संकटात ज्या घरांना जास्त झळ बसली, ती कुराण-अभ्यासाच्या मंडळांकडे जास्त वळली, असं अर्थतज्ज्ञ डॅनियल चेन यांना आढळलं. जिथे कर्ज मिळायची सोय होती, तिथे हा ओढा बराच कमी होता. म्हणजे अडीनडीला धावून येणारं माणूसही लोक तिथे शोधत होते. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आपल्याकडे मठ, तालमी आणि तरुण मंडळांनीच चुली पेटवल्या होत्या. ज्याने ते ताट हातात घेतलं, त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

अंबाबाईच्या देवळात मात्र स्मिथ आणि ह्यूमचा वाद अजून जिवंत आहे. हक्कदार पुजाऱ्यांच्या जागी पगारी पुजारी नेमण्याची तरतूद असलेला कायदा राज्याने 2018 मध्ये केला. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. तिथली वारी त्यानंतरही तशीच भरते, कारण वारीचा खर्च बडव्यांनी कधी उचललाच नव्हता. तो दिंड्या उचलतात.

सासनकाठीचंही तसंच आहे. गावात घरटी वर्गणी निघते. पुण्याला नोकरीला गेलेला पोरगा ती फोनवरून पाठवतो, आणि यात्रेच्या आदल्या रात्री दोर धरायला स्वतः येतो.