प्लगचा गॅप आणि टॅपेटचा गॅप

"दादा, गॅप सेट करून आणलाय, तरी इंजिन ताकद धरत नाही." पॉवर वीडर घेऊन येणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला गॅप? समोरचा माणूस गोंधळतो, कारण त्याच्या लेखी गॅप एकच. मागच्या हंगामात आलेल्या एका वीडरचं हेडकव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) उघडलं, तर दोन्ही व्हॉल्व्हच्या डोक्यावर ०.७ मि.मी.ची पट्टी आरामात आत-बाहेर होत होती. कुणीतरी पुस्तिकेत 'गॅप ०.७ ते ०.८' असं वाचलं आणि तो आकडा टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटीला, लावला. आकडा अगदी बरोबर होता, पण तो प्लगचा होता.

ते इंजिन होंडाच्या जीएक्स१६० च्या धर्तीचं. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. खुद्द जीएक्स१६० ची क्षमता १६३ सीसी. आपल्याकडे वीडर, पाण्याचे पंप, फवारणीचे एचटीपी पंप, छोटे जनरेटर यांवर हेच किंवा याच्यासारखं दिसणारं १६८एफ जातीचं इंजिन असतं. जीएक्स१६० च्या प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. टॅपेटचा गॅप इनलेटला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मि.मी., दोन्हींत ०.०२ कमी-जास्त चालतं. म्हणजे त्या वीडरच्या इनलेटला हव्या त्याच्या जवळजवळ पाचपट जागा दिली होती. व्हॉल्व्ह उशिरा उघडत होता, लवकर मिटत होता, पुरता उचललाही जात नव्हता. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा आडवा दांडा, व्हॉल्व्हच्या डोक्यावर हातोडीसारखा आपटत होता. आणखी काही दिवस तसंच चालवलं असतं, तर पुशरॉड (खालून रॉकर ढकलणारी काडी) जागेवरून निसटली असती.

प्लगचा गॅप म्हणजे ठिणगीला उडी मारावी लागते ती जागा. मधली काडी आणि वरून वाकलेली पट्टी यांच्यामधली. तिचा संबंध विजेशी. टॅपेटचा गॅप म्हणजे रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचं डोकं यांच्यामध्ये, व्हॉल्व्ह बंद असताना, मुद्दाम सोडलेली फट. तिचा संबंध उष्णतेशी. इंजिन तापलं की धातू वाढतो, आणि ही फट नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळता वायू जातो, तो जास्त तापतो, म्हणून त्याला थोडी जास्त जागा.

हा घोळ का होतो, तेही समजण्यासारखं आहे. आमच्या आधीच्या पिढीने इंजिनात हात घालायला सुरुवात केली ती चेतक आणि लुनावर. दोन्ही १९७२ च्या, दोन्ही टू स्ट्रोक. त्या टू स्ट्रोकला असे व्हॉल्व्हच नाहीत, मग टॅपेट कुठून येणार? तिथे गॅप म्हणजे प्लगचा, फार तर सीबी पॉइंटचा (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क). प्लग काढायचा, काजळी घासायची, पट्टी जराशी ठोकायची, गाडी सुरू. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर स्ट्रोक घरोघर पोचायला लागलं. शब्द मात्र जुनाच राहिला. वडिलांच्या हाताला 'गॅप कमी केला की गाडी सुधारते' ही जी सवय होती, तीच मुलाच्या हातात आली. प्लगपुरती ती सवय बऱ्याचदा खरीही ठरते. टॅपेटला तीच लावली की इंजिन मरतं.

कारण हे दोन गॅप वापराने एकसारखे बदलत नाहीत.

प्लगचा गॅप फक्त वाढतो. प्रत्येक ठिणगी काडीचा कणभर धातू खाते. काही महिन्यांनी ०.७ चा ०.९ होतो, कधी एक मि.मी. फट वाढली की उडी मारायला जास्त दाबाची वीज लागते. छोट्या इंजिनाला बॅटरी नसते, वीज फ्लायव्हीलच्या चुंबकातून येते, आणि दोरी ओढताना फ्लायव्हील फिरतं सावकाश. म्हणून वाढलेल्या गॅपचा त्रास पहिल्यांदा जाणवतो तो इंजिन सुरू करताना. मग ओझ्याखाली मिसिंग सुरू होतं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्लग बाहेर काढून पंख्यांना (इंजिन गार ठेवणाऱ्या, हेडवरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांना) टेकवला, दोरी ओढली, ठिणगी दिसली, म्हणजे प्लग चांगला असं होत नाही. बाहेर मोकळ्या हवेत उडणारी ठिणगी आत दाबलेल्या मिश्रणात त्याच फटीवरून उडेलच असं नाही, कारण दाबलेल्या वायूतून उडायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. (आणि ही परीक्षा घेताना प्लग भोकापासून लांब धरा. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते.)

टॅपेटचा गॅप दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. रॉकर, पुशरॉडची टोकं, खालचा लिफ्टर (पुशरॉड उचलणारा तुकडा) झिजला तर फट वाढते आणि टकटक ऐकू येते. दुसरीकडे व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बैठकीवर, आपटून आपटून हळूहळू आत बसत जातो, त्याचा दांडा तेवढा वर येतो आणि फट कमी होते. धुळीत, उन्हात, पूर्ण रेसवर तासन्‌तास चालणाऱ्या एअरकूल्ड इंजिनात एक्झॉस्टच्या बाजूला मी हेच जास्त पाहिलं आहे. याचा आवाज मात्र येत नाही.

आवाज येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड होतो तो मिटलेला असताना, सीटला चिकटून. त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये, हेडमधून पंख्यांत आणि पंख्यांतून हवेत जाते. फट शून्यावर आली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. टेकत नाही म्हणून थंड होत नाही, आणि त्या केसभर फटीतून जळता वायू बाहेर घुसत राहतो. काही दिवसांत कड जळते. मग लॅपिंगनेही (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवून) भागत नाही, व्हॉल्व्ह बदलावा लागतो. म्हणून गिऱ्हाईक "आवाज बंद करा" म्हणून हट्टाला पेटलं, तरी मी पुस्तिकेतल्या आकड्याच्या खाली जात नाही. किंचित टकटक या इंजिनाला शोभते. आवाज मारण्यासाठी टॅपेट घट्ट करून देणं हे गिऱ्हाइकाच्या शेतीचं नुकसान करणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

दोष कुठला ते दोरी सांगते. इंजिन सुरू होत नाही, पण दोरी ओढताना नेहमीसारखा आडवा जोर लागतो, तर आधी प्लगकडे जा. दोरी मऊ, सैल येते, कॉम्प्रेशनचा धक्का हाताला लागत नाही, तर टॅपेट घट्ट झाल्याचा संशय घ्या. या इंजिनांत सुरू करताना एक्झॉस्ट किंचित उघडून दाब सोडणारी योजना व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमवरच असते, त्यामुळे दोरी मुळातच फार कडक नसते. आपल्या इंजिनाची चांगल्या दिवसांतली ओढ हाताच्या लक्षात हवी. सकाळी थंड असताना सुरू होतं, तास-दीड तासाने बंद पडतं आणि गार झाल्याशिवाय घेत नाही, हेही घट्ट टॅपेटचं लक्षण. ठिणगीची वीज देणारी कॉइल तापून बसत असेल तरी नेमकं असंच होतं. तेव्हा गरम असतानाच दोरी ओढून पाहायची. धक्का शाबूत असेल तर कॉइल, नसेल तर व्हॉल्व्ह.

दोन्ही गॅप मोजायला फिलर गेजच (ठरावीक जाडीची पाती किंवा तारा) वापरतात, पण वापरण्याची रीत वेगळी. जुन्या प्लगच्या वाकड्या पट्टीला आतून खळगा पडलेला असतो. सपाट पातं त्या खळग्याच्या काठांवर टेकतं आणि खरी फट आपल्याला कमी दिसते. म्हणून प्लगला तारेचं गोल गेज. ते नसेल तर आपले मिस्त्री हॅकसॉचं पातं घालतात. ती युक्ती वाईट नाही. हाताच्या करवतीचं पातं साधारण ०.६३ मि.मी. जाड असतं, ते पाठीच्या बाजूने घातलं आणि किंचित सैल गेलं तर काम भागतं. दातांच्या बाजूने मात्र नको, दात दोन्हीकडे वळवलेले असतात. गॅप कमी-जास्त करताना फक्त बाहेरची पट्टी वाकवायची. मधल्या काडीवर टेकू घेऊन उचकटलं की आतली चिनीमाती तडकते. प्लग परत बसवताना आधी बोटांनी आटे धरायचे, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे. टेकल्यावर जुना प्लग पाव फेऱ्याच्या आत आणि नवा अर्धा फेरा आवळला की पुरे.

टॅपेटला सपाट पातंच. आणि इंजिन थंड, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. एअरकूल्ड इंजिनाचे पंखे वाऱ्याने लवकर गार लागतात, आतलं हेड मात्र बराच वेळ गरम राहतं, हात फसतो. मी हे काम सकाळी पहिलं घेतो. आधी हेडकव्हरभोवतीची माती आणि पंख्यांतलं गवत ब्रशने काढायचं, नाहीतर कव्हर उघडताच ते आत पडतं. प्लग काढून ठेवायचा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणायचा. जीएक्स१६० ला दोरीच्या पुलीवरची त्रिकोणी खूण पंख्याच्या कव्हरवरच्या वरच्या भोकासमोर आणली की पिस्टन वर येतो. पण ही खूण एक्झॉस्टच्या फेरीतही तिथेच येते. दोन्ही रॉकर बोटांनी हलतात का पाहायचं. एक्झॉस्ट दाबलेला असेल तर आणखी एक पूर्ण फेरा.

०.१५ चं पातं इनलेटला घालायचं. ओढताना हलकी चिकट ओढ लागली पाहिजे. जोर लावावा लागला तर फट कमी, काहीच जाणवलं नाही तर जास्त. ०.२० चं पातं नसेल तर ०.१५ आणि ०.०५ एकत्र करून चालतात, मध्ये तेल-माती नको. लॉकनट सैल करून मधला नट फिरवायचा, ओढ जुळली की तो पान्याने स्थिर धरून लॉकनट आवळायचा. इथे बहुतेकांची चूक होते. आवळताना मधला नट चिमूटभर फिरतोच. त्यामुळे आवळल्यावर पातं परत घालून पाहायचं, आणि मग इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा एकदा.

दोन्हींचं वेळापत्रकही वेगळं. जीएक्स१६० चा प्लग शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी पाहायचा, तीनशे तासांनी किंवा वर्षाने बदलायचा. टॅपेट तीनशे तासांनी किंवा वर्षातून एकदा. दर आठवड्याला प्लग घासणारे खूप भेटतात. पाच वर्षांत एकदाही हेडकव्हर न उघडलेले त्याहून जास्त.

हे आकडे दुसऱ्या इंजिनाला लावू नका. गवत कापायच्या यंत्रावरचं छोटं जीएक्स३५ पाहा. तेही होंडाचं, फोर स्ट्रोकच, पण टॅपेट इनलेटला ०.०८ आणि एक्झॉस्टला ०.११ मि.मी. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटला तर पातंच लागत नसे. थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी फिरते आणि वरखाली हलत नाही, एवढं पाहून मिस्त्री उठायचे. पुढच्या बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट आले आणि तेही काम गेलं.

जीएक्स१६० मध्ये आणखी एक गॅप असतो, फ्लायव्हीलचं चुंबक आणि कॉइल यांच्यामधला, ०.२ ते ०.६ मि.मी. कॉइल बदलली नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही.

त्या वीडरचं म्हणाल, तर व्हॉल्व्हच्या डोक्यांवर रॉकरचे व्रण होते, पण पुशरॉडी सरळ होत्या. ०.१५ आणि ०.२० लावून दिले. प्लगचा गॅप कुणी पाहिलाच नव्हता, तो एक मि.मी.च्या पुढे गेला होता. हेडकव्हरवर रंगाने दोन ओळी लिहून दिल्या: 'प्लग ०.७', 'टॅपेट १५-२०'. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं.