तापीकाठची मुक्ताई

जळगाव जिल्ह्यातलं मुक्ताईनगर हे नाव तसं अलीकडचं. आमच्याकडची जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. इथल्या मुक्ताईच्या स्थानांना, कोथळी-मेहूणला, निघालेला वारकरी मात्र ‘मुक्ताईला चाललो’ एवढंच सांगतो.

1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, महिन्याभरात सोपानदेवांनी सासवडला. उरलेली दोन भावंडं, निवृत्तिनाथ आणि मुक्ताई, फिरत फिरत तापीकाठी आली. परंपरा सांगते की शके 1219 च्या, म्हणजे 1297 च्या वैशाख वद्यात इथं वादळ उठलं, वीज कडाडली आणि 18 वर्षांची मुक्ताई त्या लोळात दिसेनाशी झाली. नामदेवांच्या अभंगातला शब्द आहे ‘गुप्त झाली’. वैशाखातल्या वादळानं घटकाभरात केळीचे बाग आडवे झालेले ज्यानं पाहिलेत, त्याला ही कथा सांगून पटवावी लागत नाही. भावांच्या समाध्या आहेत. मुक्ताईचं अंतर्धान आहे. म्हणून हे स्थान अंतर्धान-समाधीचं, आणि जयघोष ‘आदिशक्ती मुक्ताई’चा.

ती इथंच का आली असेल, याचा धागा चांगदेवांपाशी जातो. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गावात त्यांचं काळ्या पाषाणातलं हेमाडपंती मंदिर आहे. 1400 वर्षं जगलेला हा योगी वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भावंडांना भेटायला निघाला, तर ती भिंतीवर बसून सामोरी गेली. त्याआधी त्यानं धाडलेलं पत्र कोरंच होतं. मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना! मुक्ताई म्हणाली, 1400 वर्षं झाली तरी हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल 65 ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढं चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताईला. एवढ्याशा मुलीपुढं सिद्धयोग्यानं वाकावं, हे मला या साऱ्या परंपरेतलं सर्वांत मोठं वाटतं. शिष्याचं देऊळ आणि गुरूचं स्थान एकाच पंचक्रोशीत असल्यानं महाशिवरात्रीच्या यात्रेत खान्देश-वऱ्हाडच्या दिंड्या दोन्हीकडं माथा टेकतात.

पूजेचा खरा गाभा मात्र पालखीत आहे. ज्येष्ठात कोथळीहून निघालेली पालखी महिनाभराहून अधिक चालते. ताटीचे अभंग म्हणत बायाबापड्या चालतात. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला धाकट्या बहिणीनं घातलेली ती समजूत, ती म्हणताना गळा भरून येतो. वाटेत बीडला पालखी थांबते. तिथं मुक्ताईच्या आजोबांची, गोविंदपंतांची समाधी आहे. आजोबा-नातीची ही भेट बघायला सारं गाव लोटतं. मग आषाढात वाखरीला आळंदीहून ज्ञानदेव, सासवडहून सोपानदेव, त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ येतात, आणि पांगलेली चारही भावंडं पंढरीच्या वेशीवर पुन्हा एकत्र होतात.