चावी कुणाकडे? डेटाबेसमधल्या अधिकारांची पार्श्वभूमी

चाकरमानी मुंबईला परतताना घराची चावी शेजारच्या काकांकडे ठेवतो. काकांचं वय झालं की त्यांचा मुलगा देवाकडे दिवा लावायला जातो, आणि आंबा उतरायच्या दिवसांत तीच चावी गड्याच्या हातात दिसते. उद्या काकांशी बिनसलं, तर चावी परत मागायची कुणाकुणाकडून? सिंधुदुर्गात राहून डेटाबेसचं, म्हणजे संगणकात रचून ठेवलेल्या माहितीच्या साठ्यांचं काम करताना मला हा प्रश्न रोज आठवतो.

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत (रकाने-ओळींच्या तक्त्यांत) ठेवायची पद्धत मांडली, तीच मुळी अनेकांनी मिळून वापरायच्या मोठ्या माहितीसाठी. मग कोण काय पाहणार, काय बदलणार, हे ठरवणं आलंच. आयबीएमच्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेत असा डेटाबेस घडवणाऱ्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्ये त्याची रीत मांडली. टेबल बनवेल तो मालक. वाचणं, भरणं, बदलणं, पुसणं हे अधिकार त्याने ‘ग्रँट’ करून सुटे सुटे द्यायचे. हवं तर घेणाऱ्याला ते पुढे देण्याची मुभाही द्यायची, म्हणजे ‘ग्रँट ऑप्शन’.

खरी बुद्धी लागली ती ‘रिव्होक’ला, म्हणजे दिलेला अधिकार काढून घ्यायला. काकांकडून अधिकार काढला, की त्यांना तो कधी मिळालाच नव्हता अशी स्थिती व्हायला हवी. म्हणजे त्यांनी पुढे ज्यांना दिला त्यांचाही गेला. पण गड्याला मालकानेही थेट दिला असेल, तर त्याचा राहायला हवा. आणि दोघांनी एकमेकांना देऊन ठेवला असेल, तर मालकाने काढूनही तो एकमेकांच्या आधाराने उरेल, त्याचं काय? म्हणून कुणी कुणाला केव्हा दिला, ती वेळही नोंदवली जाऊ लागली. यातली एक चूक रोनाल्ड फेगिन यांनी १९७८ मध्ये दाखवून दुरुस्त केली. तरीही डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा असलेल्या एसक्यूएलच्या १९८६ च्या पहिल्या मानकात ग्रँट होतं, रिव्होक नव्हतं! ते आलं १९९२ च्या मानकात.

दुसरी अडचण वेगळी होती. माणसं बदलतात, काम तेच राहतं. मी पाहिलेल्या एका पतसंस्थेत रोखपाल, कर्ज विभाग, वसुली, सगळे एकाच पासवर्डने आत शिरत. एका कर्जखात्याची नोंद कुणी बदलली, ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि संशय मात्र बदली झालेल्या मुलीवर राहिला. हे मला अजून सलतं.

अधिकार माणसाला न देता भूमिकेला, म्हणजे ‘रोल’ला द्यावा, ही कल्पना डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये नीट मांडली. त्याच वर्षी ओरॅकल ७ या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये रोल आले, १९९९ मध्ये एसक्यूएलच्या मानकात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसने २००५ च्या ८.१ आवृत्तीत युजर (एकेक वापरणारा) आणि ग्रुप (त्यांचा गट) हा भेदच मिटवून दोघांना रोल केलं. मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्ये रोल यायला २०१८ उजाडलं.

आता ‘रोखपाल’ रोलला हवे ते अधिकार एकदाच द्यायचे, लेखापरीक्षकाच्या रोलला फक्त ‘सिलेक्ट’, म्हणजे वाचायचा अधिकार. नवी मुलगी रुजू झाली की तिला रोल द्यायचा, बदली झाली की काढायचा. लॉगिन मात्र ज्याचं त्याचं.

मालकीचं तेवढं आधी निस्तरावं लागतं. सोडून गेलेल्याच्या नावावर टेबलं असतील, तर पोस्टग्रेस ‘ड्रॉप रोल’ करू, म्हणजे त्याचा रोल पुसू देत नाही; आधी ‘रिअसाइन ओन्ड’ या आज्ञेने ती दुसऱ्याच्या नावावर चढवावी लागतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.